कळ कोणाच्या हातीं?

संध्याकाळीं सातनंतर पाण्याचा घोट घ्यावयाचा नाहीं, असा नेम पुष्कळ घरांतील वृद्ध स्त्रिया पाळतात. हा नेम धर्मशास्त्रांतला नव्हे, वैद्यांनींही तो सांगितलेला नसतो. रात्रीं उठावें लागलें तर कोणाला तरी हांक मारावी लागेल आणि दिवसभर दमलेल्या सुनेची झोंप मोडेल, एवढीच त्यामागील भीति. घरांतील मंडळी मात्र समजतात कीं, आजींना हल्लीं तहानच लागत नाहीं!

वृद्धांच्या व अपंगांच्या स्वावलंबनाचा प्रश्न, आमच्या मतें, येथूनच सुरू होतो. स्वावलंबन म्हणजे वेगळें बिऱ्हाड करणें नव्हे. भरल्या घरांतही, दिवसांतून वीस वेळां 'जरा एवढें कर रे' असें म्हणण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांना तें मनांत बोचतच असतें.

वरील अडचणीवरचा उपाय फारसा खर्चाचा नाहीं. माणसाच्या अंगच्या उष्णतेवरून हालचाल ओळखून आपोआप लागणारे लहान दिवे आतां विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. असे दोन-तीन दिवे पलंगापासून शौचकूपापर्यंत, भिंतीला घोट्याच्या उंचीवर लावावेत. डोळ्यांसमोर लावल्यास डोळे दिपतात आणि पाऊल अंधारांतच पडतें. शौचकूपांत व न्हाणीघरांत भिंतींत पक्के बसविलेले पोलादी दांडे हवेत. भिंतीला नुसते दाबून चिकटविण्याचे रबरी दांडे आम्ही मुळींच सुचविणार नाहीं. सारा भार पडावा आणि तेव्हांच ते निसटावेत! टॉवेलाची दांडी हाही आधार नव्हे.

ह्याहून कितीतरी बिकट अवस्थेंतील माणसांसाठीं पूर्वीं काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयांत मानेखालीं सर्व शरीर लुळें पडलेले रोगी असत. १९६० च्या सुमारास रेग मेलिंग ह्या गृहस्थांनीं अशांसाठीं एक यंत्र सिद्ध केलें. नळींतून श्वास ओढून किंवा फुंकर घालून रोग्याला दिवा, रेडिओ, टेलिफोन हीं स्वतः चालवितां येऊं लागलीं. यंत्राचें नांव 'पॉसम'. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी करूं शकतों' असा आहे. परिचारिकेची वाट पाहत पडून राहणाऱ्या माणसाला आपला दिवा आपण मालवितां आला, तेव्हां त्याला काय वाटलें असेल!

फुंकरीचें तें काम आज शब्दानें होतें. गूगलचा बोलका मदतनीस २०१८ सालीं मराठी समजूं लागला. ॲमेझॉनच्या अलेक्साला २०१९ पासून हिंदी येतें. हात थरथरत असतां किंवा दृष्टि मंदावली असतां नुसत्या बोलण्यानें पंखा कमी करतां येणें, लेकीला फोन लावतां येणें, ही लहान सोय नव्हे. (कवळी काढून ठेवली म्हणजे यंत्र आजोबांचें म्हणणें भलतेंच ऐकतें, हेंही खरें.) परंतु वीज किंवा इंटरनेट गेलें कीं हे मदतनीस मुके होतात; म्हणून उशाशीं सेलवर चालणारी साधी घंटा असावीच.

आतां कॅमेऱ्याविषयीं. परदेशीं राहणारे चिरंजीव सुटींत घरीं आले कीं खोलीखोलींतून कॅमेरे बसवून जातात. हेतु चांगला असतो. पण दिवसभर कोणाच्या तरी नजरेखालीं बसणें, लुगडें बदलण्यासाठीं कोपरा शोधणें, हें आईनें कां सोसावें? जपानांतील झोजिरुशी कंपनीनें २००१ सालीं ह्यावर एक शहाणपणाची तोड काढली. तिची विजेची किटली वापरली म्हणजे दूर राहणाऱ्या मुलांना तसा निरोप पोंचे. चित्र नाहीं, आवाज नाहीं. आईनें सकाळीं चहाचें पाणी घेतलें, एवढेंच कळे. दार उघडल्याची वर्दी फोनवर देणारी लहानशी डबी मिळते. ती चहा-साखरेच्या कपाटाला लावली तर आपल्याकडेही हेंच काम होईल. मात्र ती लावण्यापूर्वीं आईला विचारावें आणि ती 'नको' म्हणाली, तर लावूं नये.

कॅमेरा बसवावयाचाच असेल, तर तो बाहेरच्या दारावर बसवावा आणि त्याचें चित्र आजींच्या पलंगाशीं दिसावें. कोण आलें आहे तें पाहून दार उघडावयाचें कीं नाहीं, हें त्या ठरवितील.