विश्लेषण : ९ टक्के व्याजात तोटा, ६ टक्क्यांत फायदा! एफडीचा ‘खरा’ व्याजदर कसा ओळखायचा?

बल्लारपूर : पेपर मिल आणि कोळसा खाणींतून निवृत्त झालेल्या कामगारांची या शहरात मोठी वस्ती आहे. पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत किंवा पोस्टात ठेवायची आणि व्याजावर घर चालवायचे, हा अनेकांचा हिशेब. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५ टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला, तेव्हा एफडीच्या घटत्या व्याजाची चिंता स्वाभाविक होती. पण पावतीवर छापलेला दर अर्धेच चित्र दाखवतो.

खरा व्याजदर म्हणजे काय?

बँकेच्या व्याजदरातून महागाईचा दर वजा करा. उरेल तो खरा, म्हणजे वास्तविक व्याजदर. व्याज ७ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल, तर खरी कमाई साधारण २ टक्के. महागाई व्याजापेक्षा जास्त असेल तर हा आकडा उणे होतो. खात्यात पैसे वाढतात, पण त्या पैशांत किराणा कमी येतो.

आतापर्यंत काय घडले?

२०१३-१४ : एफडीवर सुमारे ९ टक्के व्याज मिळत होते. मात्र महागाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे तोटाच.

२०२०-२१ : करोनाकाळात रेपो दर ४ टक्क्यांवर आला. जून २०२० मध्ये स्टेट बँकेच्या एक वर्षाच्या एफडीवर ५.१ टक्के व्याज होते. त्या आर्थिक वर्षाची सरासरी महागाई ६.२ टक्के. एक लाखाचे १,०५,१०० झाले, पण लाखाचे सामान १,०६,२०० ला गेले.

२०२५ : एफडीचे दर सव्वासहा टक्क्यांच्या आसपास आले. ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई फक्त ०.२५ टक्के होती. दर कमी, तरी खरा व्याजदर जवळपास ६ टक्के!

मग आता काळजी नाही?

तसे नाही. आदल्या वर्षी याच महिन्यात भाजीपाला कडाडला होता, त्या तुलनेत २०२५ चा आकडा खूपच खाली दिसला. आज केलेल्या एफडीचा फायदा पुढच्या वर्षांतील महागाईवर ठरतो. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे. ते धरले, तर खरी कमाई दोन-सव्वादोन टक्केच उरते. शिवाय हा देशाचा सरासरी आकडा. औषधांवर जास्त खर्च करणाऱ्या घराची महागाई वेगळी असू शकते.

ज्यांना प्राप्तिकर लागतो, त्यांचा कर पूर्ण व्याजावर मोजला जातो, महागाई वजा करून नाही. व्याज ७, महागाई ५ आणि कर २० टक्के असेल, तर हातात खरे फक्त ०.६ टक्के पडतात.

निवृत्तांसाठी धोका कुठे?

समजा १० लाखांवर ६ टक्क्यांनी वर्षाला ६० हजार मिळतात आणि ते सगळे खर्च होतात. महागाई ४ टक्के राहिली, तर मुद्दलाची किंमत टिकवायला त्यातले ४० हजार बाजूला ठेवावे लागतील. ते न ठेवल्यास साधारण १८ वर्षांत त्या १० लाखांत आजच्या ५ लाखांइतकेच सामान येईल. साठीत निवृत्त झालेल्या माणसाला हे कळते अठ्ठ्याहत्तरीत, दवाखान्याचा खर्च वाढलेला असताना.

कर्जदारांचे काय?

त्यांचे गणित उलटे. महागाई उतरली की कर्ज खऱ्या अर्थाने महाग होते. गटकर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचे व्याज अनेकदा २० टक्क्यांहून जास्त असते. रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचा दर उतरतो, पण ठरावीक दराच्या कर्जाचा हप्ता तसाच राहतो.

काय करता येईल?

दर उतरत असताना जास्त मुदतीची ठेव उपयोगी पडते, कारण एफडीचा दर मुदतभर बदलत नाही. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के राहिला असून, खाते उघडतानाचा दर पाच वर्षे कायम असतो. सगळी रक्कम एकाच मुदतीत मात्र अडकवू नये. आणि व्याजातला थोडा भाग दरवर्षी पुन्हा मुद्दलात टाकावा. व्याजाचा प्रत्येक रुपया ही कमाई नसते.