वेल्ह्याची मुले पुण्यात

दिवाळीच्या सुट्टीत भोर-वेल्ह्याकडची कुटुंबे लेकरांना पुणे दाखवावयास निघतात, तेव्हा स्वारगेटला एस.टी.तून उतरल्यापासून शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचे प्राणिसंग्रहालय आणि तुळशीबागेतील खरेदी अशी जी धावपळ एका दिवसात उरकली जाते, तिला नगरदर्शन म्हणण्यापेक्षा हजेरीपट भरणे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. माझे मत असे की, एवढा आटापिटा न करता पालकांनी पोरांना पर्वतीच्या पायऱ्या निवांत चढू द्याव्यात आणि पायथ्याजवळच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे बोट दाखवून सांगावे की, पानशेतचे, म्हणजे आपल्याच वेल्ह्याच्या मुलखातले पाणी खडकवासल्यावरून येथे येते आणि या अफाट वस्तीच्या नळांना पोहोचते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हेही सांगावे. असल्या हकिकती मुले कान टवकारून ऐकतात. ज्यांच्या जमिनी त्या जलाशयाखाली गेल्या, त्यांच्या नातवंडांनी या शहरात बुजऱ्या पाहुण्यासारखे का वावरावे? सारसबागेबाहेरची भेळ मात्र अवश्य खावी; तिच्याबाबत आमचा काही तंटा नाही.