आधी शंका विचारा, मग नाव द्या

‘बोन मॅरो द्यायचाय’ असं मुलाने घरात म्हटलं की पहिली ओरड होते ती मणक्याची. मणक्यात सुई घालतात म्हणे, पोरगं जन्माचं अधू व्हायचं! ही भीती मनातून काढून टाका. मज्जा घेतात ती कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूने. मणक्याला हातही लागत नाही.

हाडातून मज्जा घेण्याची पद्धत अशी : दात्याला भूल देऊन पालथं झोपवतात. कातडीवर छिद्रं मोजकीच, पण त्यांतूनच पोकळ सुई हाडात जागा बदलून पुन्हा पुन्हा घालावी लागते, कारण एकाच जागी ओढत राहिलं तर मज्जेऐवजी नुसतं रक्त येऊ लागतं. नंतर काही दिवस कंबर ठणकते, जिना चढताना जाणवतं. दिलेली मज्जा शरीर काही आठवड्यांत भरून काढतं.

हे टोचणं कमी व्हावं म्हणून अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. डॅनियल क्राफ्ट यांनी ‘मॅरोमायनर’ हे उपकरण तयार केलं. त्याची लवचीक नळी हाडाला पाडलेल्या एकाच छिद्रातून आत शिरते आणि आतल्या आत फिरून मज्जा ओढते. पण असं यंत्र आपल्या गावात येईपर्यंत थांबायचं कारण नाही. आज बहुतेक दात्यांच्या हाडाला सुई लावतच नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्याने मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात. मग प्लेटलेट देताना असतं तसं यंत्र लावून काही तासांत त्या वेगळ्या काढतात. त्या दिवसांत अंग ठणकतं, तापासारखी कणकण वाटते.

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा आजारांत हे दान जीव वाचवतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्केच. घरात जुळलं नाही, तर अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि तो सापडण्याची शक्यता आपल्याच लोकांत जास्त. म्हणून ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थांच्या यादीत मराठी नावंही भरपूर हवीत. नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. खर्चाचा भार दात्यावर पडत नाही, आणि दानाचे पैसेही मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. जुळणारा दाता ठरला की रुग्णाला जबर औषधं देऊन त्याची स्वतःची मज्जा संपवतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली तर रुग्ण जिवाला मुकू शकतो. तेव्हा नाव देण्याआधीच आईवडिलांशी, नवरा-बायकोत मोकळेपणी बोला. डॉक्टरांना हव्या तेवढ्या शंका विचारा. मन तयार नसेल तर तेव्हाच नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण एकदा हो म्हणालात, तर दवाखान्यातून फोन येईल तेव्हा शब्द पाळा.