बैठकीतल्या टीव्हीला जुना कॉम्प्युटर

दहावीचे वर्ष सुरू झाले की पालक शाळेत येऊन विचारतात, "मॅडम, मुलीला अभ्यासासाठी मोबाईल घेऊन द्यावा का?" मुलाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही, त्याच्या हातात तो आधीच पोहोचलेला असतो. मी उलट विचारते, बैठकीत टीव्ही आहे ना? मग मोबाईलचे दहा-बारा हजार त्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडण्यात घाला. तो एकट्याच्या खिशात जात नाही. मुलगी दुपारी गणिताचा पाठ पाहील, रात्री अब्बा बातम्या लावतील, दादी आपले आवडते काहीतरी ऐकतील, आणि काय चालले आहे ते सगळ्यांना दिसेल.

फक्त मालिका आणि यूट्यूब पाहायचे असेल तर मात्र कॉम्प्युटर घेऊ नका. टीव्हीला लावायची छोटी स्टिक पुरते. कॉम्प्युटर त्या घरासाठी, जिथे कुणाला लिहायचे आहे, फॉर्म भरायचे आहेत, उर्दूत टाइप करायचे आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर शिष्यवृत्तीपासून दाखल्यापर्यंत सगळे ऑनलाइन झाले, पण आपली माणसे अजून प्रत्येक फॉर्मसाठी कॅफेच्या बाकावर बसतात.

नवे यंत्र घेण्याची गरज नाही. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे काढून टाकली आहेत. डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होची थिंकसेंटर टायनी, एचपीची एलिटडेस्क मिनी ही जाड पुस्तकाएवढी यंत्रे टीव्हीच्या मागेही मावतात. दुकानदार "आय-फाइव्ह आहे" एवढेच सांगेल. तुम्ही पुढचा आकडा विचारा. ७५०० असेल तर पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, ३४७० असेल तर तिसरी. सातवी घ्या. हल्लीचे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवलेले असतात, ते उलगडण्याची सोय तिच्या चिपमध्येच आहे. तिसऱ्या पिढीत ते काम प्रोसेसरच्या अंगावर पडते, पंखा घोंगावतो आणि चित्र अडखळते.

रॅम ८ जीबी, आणि हार्ड डिस्कऐवजी २५६ जीबीची एसएसडी. यावर तडजोड नको. जुने यंत्र तरुण वाटते ते एसएसडीमुळे. असे यंत्र साधारण नऊ ते बारा हजारांत मागतात, घासाघीस करायला वाव असतो. टचपॅड असलेला वायरलेस कीबोर्ड आणि केबल धरून पंधरा हजारांच्या आत बसावे. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहा आणि मागची भोके तपासा. व्हीजीएच्या केबलमधून फक्त चित्र जाते, आवाज नाही. एचडीएमआय नसेल तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारी केबल घ्या. तिच्यातून दोन्ही जाते.

दुकानदार विंडोजची चोरीची प्रत "फुकट" टाकून देईल. हक्काच्या पैशाने घेतलेल्या वस्तूत चोरीचा माल कशाला? लिनक्स मिंट खरोखर मोफत आहे, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट टाकला की अक्षर वळणदार दिसते. घरातले फोटो, निकाहाचे व्हिडिओ, गाणी लावण्यासाठी कोडी नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते दुरून वाचता येईल अशाच मोठ्या अक्षरांचे आहे. एक उणीव सांगते: पैसे भरून पाहायच्या काही सेवा ब्राउझरमध्ये कमी स्पष्ट दिसतात.

अभ्यासासाठी बालभारतीची पुस्तके, उर्दू माध्यमाची सुद्धा, पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलशिवाय कसा वापरायचा, असे मुली विचारतात. त्या चौकोनाखाली सहा अक्षरे छापलेली असतात. दीक्षाच्या संकेतस्थळावर तीच टाइप करायची. उर्दू साहित्यासाठी रेख्ताचे संकेतस्थळ आहे, तिथे जुनी पुस्तके मोठ्या पडद्यावर पान उलटत वाचता येतात. चष्मा लागलेल्या अम्मींना ही सोय सर्वांत जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

जोडल्यावर चित्राच्या कडा कापलेल्या दिसल्या तर दोष कॉम्प्युटरचा नसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" असा पर्याय शोधा. अक्षरे बारीक वाटली तर कॉम्प्युटरमध्ये दीडपट करा.

विजेची धास्ती नको. असे छोटे यंत्र व्हिडिओ दाखवताना वीस वॅटच्या आसपास घेते असे धरले, तर रोज चार तासांनी महिन्याला अडीच युनिटही होत नाहीत. आपल्याकडे वीज जाते-येते तो त्रास मोठा आहे, म्हणून लहान यूपीएस लावलेला बरा, आणि सॉकेटला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून पाहून घ्या. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा यंत्र बंद कपाटात कोंडू नका, त्यावर विणलेला रुमालही घालू नका. सहा महिन्यांतून एकदा झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढा. त्याआधी प्लग काढायचा.