वॉर्डात पाठवण्याआधी तपासा



एमबीबीएसच्या ‘नेक्स्ट’ (नॅशनल एक्झिट टेस्ट) या परीक्षेवरून अनेक वर्षे वाद चालू आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात तिची तरतूद झाली आणि जुलै २०२३मध्ये ती लांबणीवर पडली. ती उद्या सुरू झाली, तरी असेल शेवटच्या वर्षाची. पण विद्यार्थी वॉर्डात जाऊ लागतो तो सेकंड एमबीबीएसला. रुग्णाजवळ उभे राहण्याची त्याची तयारी झाली आहे, हे आपण तेव्हा कशावरून मानतो? ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री तो पास झाला, एवढ्यावरून.

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला तो बीपी मोजायला शिकतो, हे खरे. पण तो दंड वर्गमित्राचा असतो. धाप लागलेल्या, घाबरलेल्या आजींचे बीपी घेताना आधी त्यांना विचारावे लागते, पडदा ओढावा लागतो, पट्टा का बांधतोय ते सांगावे लागते. पंधरा जणांच्या घोळक्याने एकाच बाईंच्या पोटावर आळीपाळीने हात ठेवताना कोणीही त्यांची परवानगी घेतली नाही, असे दृश्य मी अध्यापक म्हणून बरेचदा पाहिले आहे. ती मुले वाईट नव्हती. त्यांना तपासून मगच आत सोडायचे, ही आमची जबाबदारी होती.

२०१९पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून रुग्णदर्शन आहे, संवादाचे धडे आहेत, लॉगबुकही आहे. कागदावर सगळे चांगले आहे. पण लॉगबुकातल्या सह्या टर्म संपताना एका बैठकीत होत असतील, तर त्या सह्यांवरून काय कळणार?

उपाय जुनाच आहे. डंडी येथील रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये ‘ऑस्की’ ही पद्धत मांडली. त्यात विद्यार्थी एकेका टेबलावर ठरलेले काम करून दाखवतो आणि परीक्षक ठरलेल्या यादीवर खूण करतो. वॉर्डाच्या पहिल्या पोस्टिंगआधी अशी पाच-सहा टेबले पुरेत: हात धुणे, परवानगी घेणे, रुग्णाला कळेल अशा मराठीत हिस्टरी घेणे, नाडी, श्वास व बीपी मोजणे, सुई टोचली तर काय करायचे ते सांगणे. परराज्यांतून अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांसाठी मराठीचे टेबल तर अत्यावश्यक आहे. एका टेबलावर वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर परीक्षक असाव्यात. विद्यार्थी रुग्णाशी कसा वागतो, हे त्या रोज बघतात, पण त्यांचे मत आपण कधी विचारत नाही.

‘आणखी एक परीक्षा?’ हा आक्षेप मला मान्य नाही, कारण यात गुण नकोतच. ‘तयार’ किंवा ‘अजून नाही’, एवढाच निकाल. ‘अजून नाही’ ठरलेल्याला कोणीतरी शिकवावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघावे. वर्ष वाया जाणार नाही. अध्यापक कमी आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून निवासी डॉक्टरांना यात घ्यावे लागेल आणि त्यांच्या ड्युटीतून तेवढे तास मोकळे करावे लागतील. टेबले मांडायला स्किल लॅब आहेच; ती आयोगाच्या निकषांनुसार बंधनकारकच आहे. ती लॅब तपासणी पथक येण्याच्या दिवसापुरती उघडली जाऊ नये.

यासाठी ‘नेक्स्ट’ची वाट पाहण्याची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्याच हातात असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने टेबलांची एकसमान यादी मराठीत तयार करावी आणि पुढच्या सेकंड एमबीबीएसच्या तुकडीपासून ती सर्व संलग्न महाविद्यालयांना लागू करावी, अशी माझी मागणी आहे.

– एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक, पुणे