‘व्हॅम्पिर’ : पाहावा कीं न पाहावा?

रक्तपिपासू पिशाचांचे चित्रपट विद्यार्थ्यांनीं पाहावे कीं नाहीं, हा वाद घरोघर चालतो. पालक म्हणतात, ह्यांत घेण्यासारखें कांहीं नाहीं; मुलें म्हणतात, ह्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. बहुतेक चित्रपटांपुरतें दोघांचेंही म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच त्यांवर वेळ दवडूं नये. परंतु एकाचा अपवाद करावा, अशी आमची विनंति आहे. तो म्हणजे डेन्मार्कचे दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा, सन १९३२ मध्यें बर्लिन येथें प्रथम दाखविलेला ‘व्हॅम्पिर’ हा बोलपट.

बोलपट म्हणावयाचा, पण त्यांत बोलणें फार थोडें. लांब सुळे नाहींत, रक्ताचे पाट नाहींत, किंकाळ्यांचा गोंगाट नाहीं. अ‍ॅलन ग्रे नांवाचा एक तरुण प्रवासी एका खेड्यांतील खाणावळींत उतरतो. रात्रीं एक वृद्ध गृहस्थ त्याच्या खोलींत येतो, ‘माझ्या मृत्यूनंतर उघडावें’ असें लिहिलेलें पुडकें ठेवतो व निघून जातो. पुढें त्या गृहस्थाचा खून होतो, आणि त्याची एक कन्या दिवसेंदिवस खंगत चालली आहे असें कळतें. सगळीकडे धुकें. लांकडी पाय लावलेल्या शिपायाची सांवली त्याला सोडून हिंडते आणि मग येऊन त्याला मिळते! असें दृश्य भडक पिशाचपटांतून आढळत नाहीं.

दोष आहेत, ते झांकण्याचें कारण नाहीं. कथा मध्येंच तुटते. कोण कोठून आला हें समजत नाहीं. नायकाचें काम करणारे निकोलस द गुन्झबुर्ग यांनींच चित्रपटास पैसा पुरविला व ‘ज्युलियन वेस्ट’ ह्या टोपणनांवानें भूमिका केली; त्यांच्या मुद्रेवर भाव म्हणून उमटत नाहीं. तरीही हा कोरा चेहरा आम्हांस फारसा खटकला नाहीं. ग्रे हा बहुतेक वेळ केवळ पाहतो, आणि नुसतें पाहत राहणाऱ्या मनुष्याचें काय होतें, हाच तर ह्या चित्रपटांतील एक प्रश्न आहे. एका प्रसंगीं तो स्वतःचेंच प्रेत पाहतो. शवपेटीच्या झांकणास कांचेची खिडकी आहे. तिच्यांतून आपण प्रेताच्या डोळ्यांनीं वर पाहतों. पिशाच बनलेली म्हातारी आंत डोकावते, आणि मग झाडें व आकाश हळूहळू मागें सरकूं लागतात.

सर रिचर्ड बर्टन यांनीं १८७० मध्यें आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजींत नेतांना वेताळास ‘व्हॅम्पायर’ म्हटलें. आपला वेताळ रक्त पीत नाहीं, प्रश्न विचारतो; ह्या अर्थीं ड्रायर यांचें पिशाच त्याचें दूरचें नातलग ठरावें. कारण येथील म्हातारीस रक्तानें समाधान नाहीं. आजारी मुलीनें निराश होऊन आपणच आपला जीव द्यावा, एवढी तिची हांव आहे. आणि तिला मदत कोण करतो? गांवचा डॉक्टर! मेलेल्या दुष्टास जिवंत माणसाचा हात लागतो, हें ज्यास उमगेल त्यास चित्रपटांतील धुक्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाहीं.

खालच्या वर्गांतील मुलांनीं हा पाहूं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों. वरच्या वर्गांतील मुलांबरोबर मात्र पालकांनीं अवश्य बसावें. आत्मघाताचा विषय आहे, आणि त्याविषयीं मुलांशीं बोलण्यास घरांत क्वचितच निमित्त मिळतें. सव्वा तासाचेंच काम आहे.

शेवटीं डॉक्टर पिठाच्या गिरणींत कोंडला जातो. म्हातारा नोकर यंत्र सुरू करतो, वरून पांढरें पीठ कोसळत राहतें, आणि तिकडे नायक-नायिका नावेंतून धुकें ओलांडून उन्हांत पोहोंचतात. हा न्याय कीं निव्वळ सूड, ह्याविषयीं आम्हां पाहणाऱ्यांत दोन तट पडले आहेत, आणि ते अद्याप मिटलेले नाहींत.