भय आणि शिरस्त्राण

मुंबई-गोवा महामार्ग सोडून तळेऱ्याला पश्चिमेकडे वळले की विजयदुर्गाची वाट लागते. जांभ्याचे विस्तीर्ण सडे, मध्येच खाली उतरणारी घाटी, कलमांच्या बागेआडून अकस्मात पुढे येणारे वळण, आणि शेवटी वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला तो तिहेरी तटाचा दुर्ग! गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघालेले कितीतरी चाकरमानी आता एस. टी.ची वाट न पाहता मोटारसायकलीवरच टांग टाकतात. या वाटेवर प्रथमच चाक घालणाऱ्याच्या छातीत धडधड होते. तिची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतील. आम्ही ती करणार नाही. आमची तक्रार भयाविषयी नाहीच. ते भय लपविण्यासाठी वेग वाढविणाऱ्या खोट्या पुरुषार्थाविषयी आहे.

भय केव्हा घात करते? अंगी कसब नसते तेव्हा. वळणावर दरी दिसली की घाबरलेल्याची नजर दरीवरच खिळते. आणि नजर जिकडे, गाडी तिकडे. हात आवळले जातात, पाय मागचा ब्रेक गच्च दाबतो, आणि पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर चाक घसरते. वस्तुतः गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे सरकतो. म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढच्या ब्रेकचे. तो हळूहळू, दोन्ही ब्रेकांचा मेळ घालून कसा लावावा, हे मोकळ्या जागेत पन्नास वेळा केल्याशिवाय हाताला कळत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करावयाचा, वळणात नव्हे, आणि दृष्टी जेथे जावयाचे तेथे ठेवावयाची, हेही सरावानेच साधते. लॉस एंजेलिसमधील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन चौकशी करणारा एक अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी शेकडा ९२ जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते! आपल्याकडे तरी दुसरे काय घडते? थोरला भाऊ मागे बसतो, चार फेऱ्या होतात आणि शिक्षण संपते. मैदानात आठचा आकडा काढून दाखविणे ही परीक्षा झाली. ते शिक्षण नव्हे.

वेगाचे गणितही निर्दय आहे. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. वळणापलीकडे बसलेल्या गुराला हे गणित ठाऊक नसते. स्वाराला तरी असावे.

आता शिरस्त्राणाविषयी. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा ४४ हून अधिक होती, आणि शिरस्त्राण न घातलेल्या मृतांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे. एवढे असूनही २०१९ च्या जानेवारीत विद्येच्या माहेरघरात, पुण्यात, हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला! ‘डोके आमचे, तुम्हांस काय?’ हा युक्तिवाद ऐकावयास चटकदार आहे. पण ते डोके फुटल्यावर जी चूल विझते, ती एकट्या स्वाराची असते काय? शहरात उकडते, मान दुखते, या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उत्तर हलके आणि मापाचे शिरस्त्राण हे आहे, उघडे डोके हे नव्हे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये सायकलवरील दोन मुलांना वाचविताना मोटारसायकलीवरून फेकले गेले आणि डोक्याच्या जखमेने सहाव्या दिवशी मेले. रणांगणावर वाचलेला हा वीर गावच्या रस्त्यावर गेला. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांनी तो धडा विसरला नाही. त्यांच्या अभ्यासानंतर १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदाही मागे बसणाऱ्यास वगळीत नाही. तरी नवऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि मागच्या पत्नीच्या डोक्यावर केवळ पदर, हे दृश्य आपण रोज पाहतो. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ म्हणतात. येथे पगडीच शिर सलामत राखते.

शासनाने केवळ दंडाच्या पावत्या फाडून कर्तव्य संपले असे मानू नये. तालुक्या-तालुक्यात मोटारसायकल शिकविण्याची जागा आणि शिक्षक हवेत. घाटातील वळणांवर कठडे आणि खूणफलक हवेत. नागरिकांनीही चौकातील पोलीस पाहून नव्हे, घरची माणसे आठवून टाळूवर शिरस्त्राण चढवावे आणि हनुवटीखाली पट्टा आवळावा.

विजयदुर्गाच्या बंदरातून आंग्र्यांची गलबते निर्भयपणे समुद्रावर जात. त्याच माणसांनी आपल्या बंदराभोवती तिहेरी तट राखला होता, आणि म्हणून त्यांना कोणी भ्याड म्हटले नाही. शिक्षण, संयम आणि शिरस्त्राण हा स्वाराचा तिहेरी तट आहे. तो बांधून ज्याला जावयाचे त्याने खुशाल विजयदुर्गाला जावे. आणि मुख्य म्हणजे, परत यावे.